आंबटपणा राखणारी थंडी

मुलांनो, आधी ॲटलास उघडा. भिलाईवर बोट ठेवा आणि ते आडवंच पश्चिमेकडे सरकवत न्या. गोंदिया, नागपूर, अमरावती, जळगाव ही गावं बोटाच्या अल्याडपल्याड येतील. तिथून जरा खाली उतरलात की नाशिक. भिलाई २१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडी वर, नाशिक २० अंशांवर. सूर्य वर्षभर दोन्ही गावांवरून जवळजवळ सारख्याच उंचीने फिरतो. तरी आपल्याभोवती भाताची शेतं आणि रानात मोह, तर तुमच्या आत्याच्या निफाडला जिकडे बघाल तिकडे द्राक्षाच्या बागा.

तिकडून आल्यापासून मोठी एकच प्रश्न घेऊन बसली आहे. आत्याकडे वडीलमंडळींनी पांढरी वाईन चाखली, तेव्हा बाबा म्हणाले, छान आंबट आहे. आतोबा म्हणाले, छे, गोड आहे. बाटली एकच. मग खरं कोणाचं?

दोघांचंही खरं. कसं ते सांगतो, पण त्यासाठी आधी द्राक्षाच्या मण्यात शिरावं लागेल. आणि एक गोष्ट लक्षात ठेवून ऐका. या सगळ्या कहाणीत पडद्यामागे राहून काम करणारी एकच आहे, ती म्हणजे थंडी.

कोवळा मणी हिरवा, टणक आणि तोंड वाकडं होईल इतका आंबट असतो. त्या आंबटपणात मुख्य आम्लं दोन. एक मॅलिक आम्ल, जे हिरव्या सफरचंदात भरपूर असतं. दुसरं टार्टारिक आम्ल. हे फळांच्या जगात तसं दुर्मीळ, पण तुमच्या ओळखीचं, कारण चिंचेचा आंबटपणा मुख्यतः त्याचाच. आपल्या बस्तरची चिंच पोत्यांनी देशभर जाते, तिच्यातलं आणि द्राक्षातलं हे आम्ल एकच. वेल हा आंबटपणा उगाच साठवत नाही. आतली बी तयार होईपर्यंत कोणी पाखराने मणी खाऊ नये, म्हणून हा बंदोबस्त.

मग बी तयार व्हायला लागते आणि मणी एकदम बदलतो. बागायतदार म्हणतात, मण्यात पाणी उतरलं. मणी मऊ पडतो, उजेडात धरला तर आरपार दिसायला लागतो. पानांनी उन्हात बनवलेली साखर आता मण्याकडे धावते. पण त्याच वेळी आत दुसरंही काहीतरी चाललेलं असतं. मणी जिवंत असतो, तो श्वास घेतो, आणि श्वासाला इंधन लागतं. ते इंधन म्हणजे मॅलिक आम्ल. एकीकडे साखर चढते आणि दुसरीकडे आम्ल जळत जातं. टार्टारिकला मणी सहसा हात लावत नाही, जळतं ते मॅलिक. आणि ते किती वेगाने जळेल हे ठरवतो हवेतला उष्मा.

साखर बनते फक्त दिवसा, कारण तिला ऊन लागतं. श्वास मात्र रात्रीही चालूच असतो. रात्र उकाड्याची असेल तर मणी रात्रभर आम्ल जाळत बसतो, आणि साखर पुरेशी भरेपर्यंत आंबटपणा संपलेला असतो. असं द्राक्ष नुसतं गोड लागतं, त्याची वाईन बसकी होते. रात्र गार असेल तर श्वास मंदावतो, आणि सकाळी मण्यात कालचा आंबटपणा बराचसा शिल्लक असतो. दिवसा ऊन आणि रात्री गारठा जिथे मिळतो, तिथे गोडी आणि आंबटपणा एकाच मण्यात नांदतात.

हे माणसाला फार पूर्वी कळलं होतं, कारण न कळता का होईना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याला मधु म्हटलं आहे, आणि त्यातल्या एका प्रकाराचं नाव कापिशायन, म्हणजे कपिशेचं. कपिशा म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला बेग्रामच्या आसपासचा मुलूख. हिंदुकुशाच्या पायथ्याचा, उंचावरचा, थंड रात्रींचा. पाणिनीलाही कपिशा ठाऊक होती. इतक्या लांबून इथे नाव पोचलं ते त्या थंड मुलखाच्या द्राक्षाचं.

आता तिकडे युरोपात चला. जर्मनीतल्या ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांचे काठ ५० अंश अक्षांशाजवळ आहेत. तिथे अडचण उलटी. आंबटपणा हवा तेवढा, साखर मात्र भरायलाच तयार नाही. म्हणून तिथल्या लोकांनी नदीकडे उतरणाऱ्या खड्या डोंगरकडा वेलींसाठी निवडल्या. तिरप्या कडेवर ऊन सरळ पडतं, आणि मोझेलच्या उतारावरचे काळे पाटीचे दगड दिवसा तापून रात्री हळूहळू निवतात. तिथली लाडकी जात रीसलिंग. १४३५ सालच्या एका जमाखर्चात या वेलींच्या खरेदीची नोंद सापडते. ती उशिरा पिकते, थंडीत टिकते आणि आंबटपणा सहजासहजी सोडत नाही.

रीसलिंगची एक गोष्ट तिकडचे आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले आहेत. ऱ्हाइनकाठच्या योहानिसबर्गच्या बागा होत्या फुल्डाच्या धर्मगुरूच्या मालकीच्या. त्याची परवानगी आल्याशिवाय द्राक्ष तोडायची नाहीत असा नियम. दरवर्षी एक स्वार द्राक्षांचा नमुना घेऊन फुल्डाला जायचा आणि परवानगी घेऊन यायचा. १७७५ साली तो काही आठवडे उशिरा परतला. का, हे कोणालाच नीट ठाऊक नाही, जो तो आपलं कारण सांगतो. तोवर मण्यांवर करडी बुरशी चढली होती, मणी सुरकुतले होते. तिथल्या लोकांनी हळहळत तीच द्राक्षं खुडली. आणि त्या वर्षीची वाईन अशी निघाली की तशी कोणी चाखलीच नव्हती. त्या स्वाराचा पुतळा तिथल्या आवारात आजही उभा आहे.

बुरशीने काय केलं? बोट्रायटिस तिचं नाव. एरवी ती फळं सडवते. पण सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन मिळालं तर ती मण्याच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, त्यातून पाणी उडून जातं आणि आतली साखर घट्ट होते. मग असा रस थंड तळघरात आंबायला ठेवला की डिसेंबराच्या गारठ्यात त्याचं आंबणं मध्येच थांबायचं आणि साखर थोडी उरायची. जर्मनीच्या किंचित गोड वाईनी कोणाच्या युक्तीने नाही, हिवाळ्यानेच आधी बनवल्या.

"पण आजोबा, आत्याकडे बर्फ कुठे पडतो?" हा धाकट्याचा प्रश्न अगदी वेळेवर आला.

नाशिकची करामत मला जर्मनीच्या करामतीपेक्षाही मोठी वाटते. तिथे लोकांनी जागा शोधली, इथे लोकांनी ऋतू फिरवला. थंड देशातली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात जागी होते, उन्हाळ्यात वाढते आणि शरदात पिकते. नाशकात तिला झोपच येत नाही. सोडली तर ती बारा महिने वाढत राहील, फळ मनाला येईल तेव्हा देईल, नाहीतर देणारच नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतो.

पहिली एप्रिलची खरड छाटणी. तेव्हा फळ घ्यायचं नसतं. नव्या काड्या फुटतात, आणि मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात त्या काड्यांवरच्या डोळ्यांत, साध्या नजरेला न दिसणारं, पुढच्या हंगामाच्या घडाचं बीज तयार होतं. याला तिकडे सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. कल्पना करा, जानेवारीत जो घड खुडायचा तो किती मोठा असेल हे मे महिन्यातच त्या इवल्या डोळ्यात ठरत असतं, आणि त्यासाठी ऊन लागतं. म्हणजे जो उन्हाळा पिकत्या द्राक्षाचा शत्रू, तोच न जन्मलेल्या घडाचा पोशिंदा. मे-जूनला सलग ढगाळ राहिलं तर बागायतदाराच्या कपाळावर आठी पडते, ती याचसाठी.

मग पावसाळा काढायचा. इथे सह्याद्री मदतीला येतो. पश्चिमेकडून आलेले ढग इगतपुरीवर रिकामे होतात, तिथे ३,००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस कोसळतो. घाटमाथा ओलांडून निफाडपर्यंत येताना त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. आपल्याकडे पूर्वेच्या उपसागरावरून येणारा पाऊस असा कोणी अडवत नाही, भाताला तो हवाच, पण द्राक्षाच्या पानांवर एवढ्या ओलीत केवडा रोग घर करतो.

पाऊस ओसरला की दुसरी, गोडी छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. हिवाळ्याची झोप न मिळाल्यामुळे डोळे एकसारखे फुटत नाहीत, म्हणून काड्यांवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड नावाचं औषध लावतात. ते झोप पुरी झाल्याचा भास देतं आणि सगळे डोळे बरोबर फुटतात. तिथून चार-साडेचार महिने. म्हणजे घड पिकतो तो ऐन थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. असं आभाळ असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब सरळ वर सोडून देते. निफाडचा पारा हिवाळ्यात पाच अंशांच्या आसपास आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. दिवसा मात्र लख्ख ऊन. उष्ण कटिबंधात राहून थंड देशाच्या रात्री मिळवल्या त्या अशा, नुसत्या कात्रीच्या जोरावर.

खाण्याची द्राक्षं नाशकात कित्येक दशकांची. वाईनचं पर्व त्या मानाने अलीकडचं. पुणे जिल्ह्यात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात बुडबुड्यांची वाईन करून ती परदेशी पाठवली. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला अमेरिकेतून शिकून, नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंतांनी १९९०च्या दशकात सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जाती लावल्या. कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की हे वाईन करणारे जाणकार त्यांच्या सोबतीला होते. २००० साली त्यांची 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं. रीसलिंगही नंतर तिथे लावली गेली. पण नाशिकला खरी मानवली ती शेनिन ब्लाँ. ती मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, आणि तिचा स्वभाव असा की उन्हातही ती आपला आंबटपणा धरून ठेवते. आत्याकडची बाटली तिचीच होती.

आता खुडणी. ती पहाटेच करायची, मणी गार असतानाच. लहान क्रेटमध्ये, म्हणजे खालचे घड वरच्यांच्या वजनाने फुटत नाहीत. हळुवार दाबून रस काढायचा, साली लगेच बाजूला, आणि रस एक रात्र थंड टाकीत ठेवून गाळ खाली बसू द्यायचा. मग यीस्ट.

यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव. एका मिलिमीटरच्या लांबीत असे शे-दोनशे ओळीने बसतील. तो साखर खातो, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. लिटरभर रसातली साधारण १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. आपल्या रानात वेचलेली मोहाची फुलं आंबतात, तेही याच कुळातल्या जिवांमुळे. साखर खाताना यीस्ट तापतो आणि रसालाही तापवतो. टाकी गरम झाली की बुडबुडे जोरात सुटतात आणि फळाफुलांचा वास बरोबर घेऊन उडून जातात. म्हणून पांढऱ्या वाईनची टाकी १२ ते १६ अंशांवर राखतात. स्टेनलेस स्टीलच्या दुहेरी भिंतीच्या टाक्या असतात, भिंतींमधून थंड द्रव फिरतो. ते स्टील आपल्या भिलाईचं नसतं बरं का. आपल्या पोलाद कंपनीचं स्टेनलेस तामिळनाडूतल्या सेलमला होतं, आपण रूळवाले.

आणि रुळांमुळेच पुढची गोष्ट मला लगेच कळली. मी आयुष्य स्टील मेल्टिंग शॉपमध्ये काढलं. दल्ली-राजहऱ्याच्या खनिजातून निघालेल्या कच्च्या लोखंडात सुमारे ४ टक्के कार्बन असतो. भट्टीत ऑक्सिजन त्याला पकडतो, वायू करून बाहेर काढतो आणि वितळलेलं लोखंड खदखदा उकळायला लागतं. रुळाला कार्बन हवा ०.७ टक्क्याच्या आसपास. सगळा जाऊ दिला तर पोलाद मऊ पडेल, आधीच थांबलो तर ठिसूळ राहील. आम्ही लांब चमच्याने नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचो, आकडा यायचा आणि बरोबर त्या क्षणी हीट टॅप करायची, म्हणजे वितळलेलं पोलाद भट्टीतून ओतून घ्यायचं. वाईन करणाराही उकळत्या टाकीतून असाच रोज नमुना काढतो. समजा रसात लिटरला २२० ग्रॅम साखर होती. सगळी संपू दिली तर वाईन कोरडी. त्याला मात्र १५ ग्रॅम ठेवायची आहे. आकडा जवळ आला की तो टाकी एकदम शून्याच्या जवळ गार करतो. यीस्ट बधिर होऊन तळाशी बसतात. मग वाईन काढून घ्यायची, गंधकाच्या वायूची किंचित मात्रा द्यायची, आणि ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून गाळायची. यीस्ट पाच मायक्रॉनचा, तो त्यातून जाऊच शकत नाही. एक जरी सुटला तर बाटलीत बसून उरलेली साखर खायला लागेल आणि बूच उडवेल.

इथे निसर्गाने एक सुंदर गंमत करून ठेवली आहे. द्राक्षात साखरा दोन, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, पिकल्यावर जवळजवळ निम्म्या निम्म्या. यीस्टला ग्लुकोज जास्त आवडतं, तो आधी त्याच्यावर ताव मारतो. त्यामुळे मध्येच थांबवल्यावर जे उरतं त्यात फ्रुक्टोज जास्त. आणि दोघांत जास्त गोड असतं ते फ्रुक्टोजच. म्हणून १५ ग्रॅममध्येही गोडीची चाहूल लागते.

थंडीचं आणखी एक काम राहिलं. गार वाईनमध्ये टार्टारिक आम्लाचा एक क्षार विरघळून राहू शकत नाही, त्याचे चमकदार स्फटिक तळाशी बसतात. लोक घाबरतात, काच आहे म्हणून. काच नाही ती. त्याच आम्लाच्या स्फटिकांनी १८४८ साली लुई पाश्चर नावाच्या २५ वर्षांच्या मुलाला जगप्रसिद्ध केलं. त्याने टार्टारिक आम्लाचा एक क्षार थंड ठेवून त्याचे स्फटिक केले आणि भिंगाखाली बघितले. स्फटिक दोन तऱ्हांचे होते, डावा आणि उजवा हात असावा तसे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. त्याने चिमट्याने एकेक वेचून दोन ढीग केले. एका ढिगाचं पाणी प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवी, दुसऱ्याचं डावीकडे. जरा उकाडा असता तर ते स्फटिक असे वेगळे झालेच नसते. रेणूंनाही डावं-उजवं असतं हे जगाला तेव्हा कळलं. द्राक्षाची वेल मात्र एकाच हाताचं टार्टारिक आम्ल बनवते, आणि चिंचेचं झाडही त्याच हाताचं. आंबणं हे जिवंत यीस्टचं काम आहे, हेही पुढे याच पाश्चरने सिद्ध केलं.

आता बाबा आणि आतोबांचं भांडण मिटवू. लिटरला १५ ग्रॅम साखर नुसत्या पाण्यात घातली तर कोणीही गोड म्हणेल. त्याच पाण्यात सात-आठ ग्रॅम आम्ल घाला, गोडी लपते. आंबट आणि गोड जिभेवर एकमेकांना दाबतात. आम्लाने तोंडाला पाणी सुटतं आणि गोडीचा चिकटपणा धुतला जातो. म्हणून ही वाईन एकाच वेळी दोन्ही असते.

पण खरं उत्तर पेल्याच्या तापमानात आहे. जिभेवरच्या गोडी ओळखणाऱ्या पेशींत एक सूक्ष्म मार्गिका असते, ती ऊब वाढली की जास्त उघडते. हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. बर्फगार पेल्यात गोडी झोपलेली असते आणि आंबटपणा पुढे येतो. तोच पेला दहा-पंधरा मिनिटं हातात राहिला की गोडी वर येते, आणि वासही. शेनिनमध्ये पेरू आणि मध, रीसलिंगमध्ये लिंबाची साल आणि फुलं. त्या फुलांच्या वासातला एक रेणू, लिनालूल, तुमच्या आजीच्या धण्यांच्या डब्यातही आहे. आता आठवा. बाबांनी फ्रिजमधून काढल्या काढल्या घोट घेतला. आतोबा गप्पा मारत बसले होते, त्यांनी बऱ्याच वेळाने घेतला.

तुम्ही मोठे झालात आणि कधी चाखावीशी वाटलीच, तर आठ ते दहा अंशांवर, आणि जेवणाबरोबर. आपल्याकडच्या तिखट जेवणाला ही किंचित गोड जात कोरडीपेक्षा बरी जाते. तोंडातले जे मज्जातंतू मिरचीने पेटतात, त्यांना मद्यार्क आणखी हळवं करतो, म्हणून जास्त मद्यार्काची कोरडी वाईन झणझणीत रश्श्याबरोबर घेतली तर आग वाढते. यीस्टला आधीच थांबवलेलं असल्यामुळे हिच्यात मद्यार्क थोडा कमी, आणि उरलेली साखर तिखटाला आवरते. तोवर तुमच्यासाठी साधा प्रयोग. उद्या बाजारातून द्राक्ष आणू. निम्मी फ्रिजमध्ये ठेवू, निम्मी बाहेर, आणि डोळे बांधून धाकट्याला विचारू, गोड कुठली.